मधली भिंत आणि आमचे मामा

भोपाळात आज जेवढी घरं उभी आहेत, त्यांतली निम्मी केवळ आमच्या मामांच्या धाकाने उभी आहेत, असं माझं ठाम मत आहे. मामा कारखान्याच्या बांधकाम खात्यात डिझाइनला होते. कुणाकडे गेलं की माणसं आधी यजमानांना नमस्कार करतात. मामा आधी छताकडे बघत. मग छत्रीच्या दांड्याने भिंतीवर टकटक करून कान लावत आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटत. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मुलगी उत्तम आहे. दारावरचं लिंटेल मात्र कच्चं आहे." सासरेबुवांनी आधी लिंटेल बदललं, मगच साखरपुडा झाला.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्वार्टरात राहणाऱ्यांना जन्मभर एकच सल असतो: हॉल लहान. तिथे खात्याला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. म्हणून रिटायर होताना स्वतःचं घर बांधलं की माणूस सूड उगवतो. आमच्या थोरल्या दादानेही इंद्रपुरीत तो उगवला. नकाशा म्हणून त्याने ठेकेदाराला आपलं क्वार्टरच दाखवलं, मधली भिंत तेवढी गाळायला सांगितली आणि वर एक खोली चढवली. "डिझाइन-विझाइन क्या करना, बाबूजी! सरिया तगड़ा डालेंगे," जाड सळयांचा भरवसा देत ठेकेदार म्हणाला. दादाची जन्माची कमाई त्या घरात गेली. मामा नसत्या शंका काढतील म्हणून त्यांना थेट वास्तुशांतीलाच बोलावलं.

आत पंगत मांडलेली. मामा दारातच थबकले. छताच्या मध्यावर केसाएवढी रेघ होती.

"छत पेलणारी मधली भिंत कुठंय रे?"

"काढली! झाला की नाही मोठा हॉल?" दादा कौतुकाने म्हणाला.

"सगळे बाहेर. वरचेसुद्धा. पानं राहू देत."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, आजच्या दिवशी तरी!" दादा संतापला. मामा कुणाचं ऐकेनात. गुरुजींनाही त्यांनी हाताला धरून अंगणात आणलं. तिथे नवी पानं मांडली, कुजबुज सुरू झाली, भातावर तूप पडलं, आणि आत कडाड्कन आवाज झाला. स्लॅब मधोमध वाकला होता. त्याचा भलामोठा तुकडा आतल्या पानांवर पडला होता. मी मामांकडे देवाकडे बघावं तसा बघत राहिलो.

संध्याकाळपर्यंत मामांनी लाकडी बल्ल्या मागवून स्लॅबला टेकू दिले. पुढे खांब आणि तुळई स्वतः आखून घर वाचवलं. दादाने त्यांचे पाय धरले. "मामा, तुम्हाला कळलं कसं?"

"कळलं कसलं? भीती वाटली. नोकरीभर तेच केलं मी. लोकांनी निवांत झोपावं म्हणून कुणीतरी आधी घाबरून घ्यावं लागतं रे."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दादाची नातवंडं त्या हॉलमध्ये धुडगूस घालतात, आम्ही निवांत गप्पा मारतो. पण आमच्या वाटचं घाबरायला आता कुणी नाही.