साक्षीला भाऊ

झुवेनाच्या नवऱ्याच्या, हरूबच्या, जिभेला हाड म्हणून नव्हतं. पहिला तलाक त्याने दिला कालवणात मीठ कमी पडलं म्हणून, आणि इद्दतीचे तीन महिने सरायच्या आत परतही घेतला. दुसऱ्याचंही तेच. नवऱ्याने ‘परत घेतली’ म्हटलं की झालं, बाईला विचारतंय कोण! पण तिसऱ्याला माघार नाही, हे पेम्बा बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

म्हणून अंगणात लवंगा वाळत घालताना हरूब तिसऱ्यांदा तलाक म्हणाला, तेव्हा झुवेना रडली नाही. मनात म्हणाली, सुटले बाई एकदाची! समोर तिचा थोरला भाऊ मकामे चहा पीत बसला होता. बाप गेल्यावर तिचा निकाह त्यानेच लावून दिलेला. घरचाच साक्षीदार, आता कशाची भीती?

दुसऱ्या दिवशी झुवेना काझींकडे गेली, पण तोवर हरूबचा राग उतरला होता आणि काझींसमोर तो साफ उलटला. “बडबडलो असेन काहीबाही. तलाक म्हणालोच नाही.”

“मकामे, तू होतास तिथे. काय ऐकलंस?” काझींनी विचारलं.

मकामे हरूबच्याच मचव्यावर तांडेल. खरं बोलला असता तर मचव्यावरचं काम सुटलं असतं. मान खाली घालून म्हणाला, “भांडण ऐकलं. तलाक नाही ऐकला.”

झुवेनाच्या पायाखालची जमीनच सरकली. नवरा खोटारडा, हे जुनं दुखणं. पण सख्खा भाऊ?

“भाऊ, तुझ्या हातातला कप पडला होता रे तेव्हा!”

“तुझं घर मोडू नये म्हणून सांगतोय, झुवे.”

“कुठलं घर? आता तो मला परका. परक्याच्या बिछान्यावर धाडतोयस सख्ख्या बहिणीला! अल्लाला काय तोंड दाखवशील?”

काझी तरी काय करणार, तलाक सिद्धच होईना. शेवटी झुवेनाने खुला मागितला, म्हणजे बायकोने मेहेर परत करून घ्यायची फारकत. निकाहात नवऱ्याकडून मेहेर म्हणून मिळालेलं शिलाई मशीन, ज्याच्यावर तिचं पोट चालायचं, ते परत द्यायचं आणि सुटायचं. मशीन फुकटात मिळतंय म्हटल्यावर हरूब एका पायावर तयार. हक्काची सुटका बिचारीला विकत घ्यावी लागली, तीही भावापायी.

“दोन साक्षीदार हवेत,” काझी म्हणाले. एक त्यांचा कारकून होता. दुसरा म्हणून मकामे लगबगीने पुढे सरसावला. “मी आहे ना!”

“तू बस, भाऊ,” झुवेना म्हणाली. “तुला ऐकू येत नाही.”

आणि दारात जाऊन तिने रस्त्यावरच्या मासेवाल्याला हाक मारली.