टीव्हीवर झोपणारी मनी

"मनीले विचारा," हे आमच्या शेजारच्या काकांचं ठरलेलं उत्तर. टीव्ही लावता का म्हटलं तरी हेच, चहा घेता का म्हटलं तरी हेच. कोराडीच्या वीज केंद्रात आम्ही एकाच बॉयलरवर होतो आणि कॉलनीत आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून. अशी माणसं तुमच्याही कॉलनीत असतील.

मनी त्यांची मांजर. काकूंनी कुहीहून, माहेरून, पदरात घालून आणलेली. काकू वारल्या आणि मनीने घर सोडल्यासारखंच केलं. खायला यायची, खाऊन जायची. पुढे नागपुरात टीव्ही दिसायला लागला, तेव्हा काकांनी सीताबर्डीहून लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा ब्लॅक अँड व्हाइट संच आणला. लावला की त्याचं डोकं तापायचं. मनीने ती जागा हेरली आणि घरात परतली.

आम्ही अर्धी कॉलनी समोर सतरंजीवर. मनीची शेपटी नेमकी बातम्या देणाऱ्या बाईंच्या नाकावर लोंबायची. कोणी हात पुढे केला की काका म्हणत, "राहू दे गा. बातम्या उद्याबी येतीन." कार्यक्रम संपले तरी संच बंद होत नसे, पडद्यावर मुंग्या आणि वर मनी. तिच्याशी ते काकूंबद्दल बोलत. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं, आणि फार वाईट वाटायचं.

काकांची भिलाईला दिलेली मुलगी दिवाळीला आली, बापाला रंगीत टीव्ही घेऊन दिला आणि जुना दुकानात बदल्यात देऊन टाकला. पोरीचं काही चुकलं नाही. पण नवा संच प्लॅस्टिकचा, मागे उतरता. मनी चढली आणि घसरली. दोनदा आपटल्यावर तिने त्या खोलीचं नाव टाकलं. मग काकांनी काकूंची गोधडी घडी करून संचावर सुतळीने बांधली, ऊब धरेल आणि पायही ठरतील म्हणून. जन्म बॉयलरवर काढलेला माणूस, पण हवेची भोकं बुजवून बसला. संचातून धूर निघाला, गोधडी जळाली. आम्ही हसलो. काका हसले नाहीत.

मनी आमच्या मागच्या अंगणात, पाणी तापवायच्या बंबाशी येऊन झोपू लागली. काका तिला उचलून नेत, ती परत येई. एका सकाळी ते आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "राहू दे सूनबाई. तिले काहून ओढू? माह्या घरात आता गरम काही नाही राह्यलं."

हिवाळा सरता सरता ते रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं, मुलीकडे भिलाईला निघाले. मनीला न्या म्हटलं, तर मांजर घराची असते, माणसाची नसते, असं म्हणाले. "फक्त ती कुठं निजते ते मले कळवत जा," एवढंच मागितलं.

उन्हाळा लागला. नागपूरच्या उन्हात गरम पाणी कोणाला हवं? बंब बंद झाला आणि मनी निघून गेली. वीज केंद्रामागच्या राखेच्या ढिगांपर्यंत शोधलं, मिळाली नाही. मे महिन्यात काकांचे जावई कामाने कोराडीला आले. काकांनी तब्येत बरी नसतानाही मनीची चौकशी करायला बजावलं होतं. माझ्या बायकोने गार बंबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथंच निजते म्हणून सांगा."

जावई भिलाईला पोचायच्या आधीच काका गेले होते.