टिलमोरचा मागचा ॲक्सल

२०२३ साल. माझं वय चौऱ्याहत्तर. कोबेच्या एका गोडाऊनमध्ये मी जुन्या मोटारीखाली उताणा पडलेलो, आणि बाहेर तिघं जण माझ्या तोंडून नाव ऐकायला थांबलेले.

एक माझी सून मीनल. तिला जपानी येतं म्हणून उरायासुच्या तिच्या घरून मला घेऊन आलेली. दुसरे मनसुखभाई, गाडीचे मालक. त्यांच्या आजोबांनी ही अमेरिकन गाडी कोबेत आणली. तिसरे ओगावा-सान, एका छोट्या मोटार म्युझियमचे. गोडाऊन मार्चअखेर पाडायचं होतं. म्युझियमनं गाडी घेतली तर ठीक, नाहीतर भंगारवाला. म्युझियमची अट एकच, कुठल्या कंपनीची गाडी ते पुराव्यासकट सांगा.

मी चौथी शिकलेला. पण पुण्यात जन्मभर जुन्या गाड्या उघडल्या. मनसुखभाईंना फोनवरच सांगून बसलो होतो, "नाव मी काढून देतो."

आता खालून बघतो तर इंजिनावर एक नाव, गिअरबॉक्सवर दुसरं, मागच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावर, तिसरंच.

"तीन नावं म्हणजे तीन गाड्या मोडून केलेली बहुतेक," ओगावा-सान म्हणाले. त्यातलं 'बहुतेक' मीनलनं मराठीत सांगताना पदरचं घातलेलं असणार.

"सांग त्यांना, तसं नाही," मी खालूनच म्हटलं. "शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत लहान कंपन्या अशाच चालायच्या. इंजिन ह्याच्याकडून, ॲक्सल त्याच्याकडून. स्वतः चेसीचा सांगाडा आणि बॉडी करायची, वर आपलं नाव ठोकायचं. तिन्ही पार्ट ओरिजिनल आहेत."

"मग ठोकलेलं नाव कुठंय?" ओगावा-साननी विचारलं.

रेडिएटरवरचा बिल्ला कधीच गेलेला. राहिल्या हबकॅप. चाकाच्या मध्यावर पितळेची टोपी असते, तिच्यावर कंपनीचं नाव उठावाचं असतं. इथं चारही टोप्या गुळगुळीत. जपानात वर्ष संपताना मोठी साफसफाई करतात. गोडाऊनची माणसं दर वर्षी हे पितळ घासायची. इतक्या मनापासून घासलं की अक्षरं निघून गेली.

"चमक तर बघा मिस्त्री," मनसुखभाई म्हणाले.

"बघतोय. भंगारवाल्याला तोंड दिसेल त्यात."

एक टोपी उघडली. पत्र्यावर बाहेर अक्षर उठवलं की आतून खळगा राहतो. आतून कोण घासणार? वाळून दगड झालेलं ग्रीस केरोसीननं काढलं, कागद दाबून पेन्सिल फिरवली, कागद उलटा करून खिडकीला धरला. टिलमोर. खाली इंडियानामधल्या एका गावाचं नाव.

नाव मिळालं, पण त्यानं भागेना. मीनलनं नेटवर शोधलं, काही नाही. अमेरिकेतल्या एका जुन्या मोटारींच्या क्लबला मेल केला. उत्तर आलं, अशी कंपनी आमच्या यादीत नाही. ओगावा-साननी ते वाचलं आणि वही मिटली.

"त्या गावच्या लायब्ररीला लिही," मी म्हटलं.

"लिहिलंय बाबा."

"परत लिही."

उरायासुला परत आलो. जेवण जाईना. मीनलचा फोन वाजला की हातातला चहा खाली ठेवायचो. निम्म्या वेळा मनसुखभाईच असायचे. "मिस्त्री, भंगारवाला विचारतो, कधी येऊ?"

मार्च संपत आला तेव्हा लायब्ररीतल्या बाईंचं उत्तर आलं. सोबत वर्तमानपत्रातल्या जुन्या जाहिरातीचा फोटो. टिलमोरवाले आधी घोड्याच्या बग्ग्या करायचे, मग थोडी वर्षं मोटारी. इंजिन कुणाचं, गिअरबॉक्स कुणाचा, ॲक्सल कुणाचा, सगळं मोठ्या ऐटीत छापलेलं. म्हणजे ज्या तीन नावांवरून गाडी बनावट ठरत होती, त्यांनीच ती खरी ठरणार होती.

मीनल वाचत होती. इंजिन जुळलं. गिअरबॉक्स जुळला. मग ती थांबली.

"बाबा, जाहिरातीत ॲक्सल दुसऱ्याच कंपनीचा आहे."

मी म्हटलं, "ॲक्सलचं बोलू नकोस."

"बाबा, त्यांना वाचता येतं."

ओगावा-साननी वाचलं. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, गाडी घेऊ. पण मागचा ॲक्सल मूळचा नाही असं रिपोर्टमध्ये यायला हवं. खाली तपासणाऱ्याची सही.

"कंपनीनं मधेच ॲक्सल बदलला असेल," मी म्हटलं.

"असेल. पुरावा आहे का, विचारतायत."

"नाही. आणि सही नाही केली तर?"

मीनलनं विचारलं. "बघू म्हणतात."

"मग बघू दे की."

"बाबा, इथं बघू म्हणजे नाही."

संध्याकाळी मीनलकडून ती जाहिरात परत वाचून घेतली. जन्मभर धंदा केला, माझं चुकलं असं कुणाला लिहून दिलं नव्हतं. पण ती गाडी कटरखाली गेली असती तर माझं बरोबर असून काय उपयोग होता? लोकांना एवढंच सांगतो, नाव कागदावरून शोधा, पण छातीठोक बोलायच्या आधी परत एकदा खाली शिरून बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीनलला घेऊन कोबे गाठलं. कोट काढून गाडीखाली शिरलो. मागच्या स्प्रिंगजवळ चेसीला बुजवलेली भोकं होती. मूळचा ॲक्सल तिथं बसत होता, हा नंतर कुणीतरी लावलेला. बाहेर आलो, हात पुसले आणि सही केली. त्यांना इंग्रजीत हवी होती, मी मराठीत केली.