डोमाजीभाऊंची पहिली कॅसेट

माझ्याकडे डोमाजीभाऊंच्या तीन कॅसेट होत्या. हव्या होत्या चार. एवढ्या एका कारणासाठी मी हिवाळ्याच्या सुट्टीत शाळेतल्या बायकांची गोव्याची सहल सोडली आणि नागपूरहून चंद्रपूरची एसटी पकडली. "गडचिरोलीला कोणी फिरायला जातं का?" असं स्टाफरूममध्ये प्रत्येकीने विचारून घेतलं. बदलीवर पाठवतात तिकडे, असंही एकीने ऐकवलं. मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

डोमाजीभाऊ कोण, ते आधी सांगते. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. सोयरे जमतात, रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचा सोंगांचा खेळ, आणि नाटकं चालतात. त्या दंडारीची गाणी लिहिणारे आणि चाली बांधणारे डोमाजीभाऊ चामोर्शीकडच्या एका खेड्यातले. नव्वदच्या सुरुवातीला त्यांची गाणी कॅसेटवर आली, आणि मी लहानाची मोठी झाले त्या मूल गावात पानठेल्यावर, काळीपिवळीत, लग्नाच्या मांडवात दुसरं काही वाजेनासं झालं. दर मंडईला नवी कॅसेट यायची. पहिली मात्र माझ्या हाती कधीच लागली नाही. तिच्यात म्हणे एक बाई गाते. दंडारीत बाईचं सोंग पुरुष घेतो, तिचं गाणंही तोच म्हणतो. तिथे खरीखुरी बाई गायली, हे मला काही केल्या ऐकायचं होतं.

चंद्रपूरला बसस्टँडसमोर दीडशे रुपयांत खोली मिळते. गरम पाण्याची बादली मागून घ्यावी लागते, आणि खिडकी उघडी ठेवलीत तर सकाळी उशीवर कोळशाची बारीक काजळी सापडते. तर्रीपोहे मात्र झकास. ते खाऊन मी रशीदभाईंच्या दुकानात गेले. डोमाजीभाऊंचं सगळं रेकॉर्डिंग त्यांच्याच मागच्या खोलीत झालेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं लटकत होती.

"बाई? अरे, ती भाऊंची घरवाली होती, गिरजाबाई," रशीदभाई म्हणाले. "बाईचं गानं म्हननाऱ्याचा गलाच बसला त्या दिवशी. भाऊ बोलले, हिले सारं पाठ हाय, हिलेच म्हनू द्या. भिंतीले गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. एकच बार में गाया बाईने. क्या आवाज था!"

"मग ती कॅसेट आता कुठे मिळेल?"

"बिकली तर भरपूर. पन दुसऱ्या सालची मंडई आली ना, लोक तीच कॅसेट घेऊन आले. बोले, इसीपे नये गाने भर दो. सस्त्यात होते. आमी भरून देत होतो."

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी चहा मागवला. मूळ कॅसेट भाऊंच्याच घरी असेल, असं म्हणत लगेच फोन लावला. "हौ, नागपूरच्या बाई येऊन राह्यल्या उद्या, भाऊच्या कॅसेटी घेऊन." हे वाक्य मी कानांनी ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मूलवरून गडचिरोली, तिथून चामोर्शी. रस्ता मूलपर्यंत बरा, पुढे जंगल लागलं की खड्डेही लागतात. पाठीचं दुखणं असेल तर मागच्या सीटवर बसू नका. एका नाक्यावर पोलिसांनी बस थांबवून पिशव्या तपासल्या. माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर, वायर आणि सेल निघाले, तेव्हा सगळी बस माझ्याकडे बघू लागली.

"हे काय होय, मॅडम?"

"गाणी आहेत."

"वाजवा."

वाजवलं. दोन ओळी होईस्तोवर तो शिपाई बंदूक खांद्यावर ठेवून नुसता उभा राहिला. "हे त आमच्या गावच्या मंडईले वाजे," म्हणाला, आणि पिशवी त्यानेच नीट बांधून दिली. साऱ्या प्रवासातला आनंदाचा क्षण म्हणाल तर तो एवढाच.

चामोर्शीला बाजाराचा दिवस होता, त्यामुळे गावाकडची जीप लगेच भरली. डोमाजीभाऊंचं घर बोडीला लागून, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या काठावर; तळ्याच्या बांधाला तिकडे पार म्हणतात. अंगण ताजं सारवलेलं. भाऊ धुतलेलं धोतर नेसून खुर्चीवर बसले होते, मांडीवर नव्या सेलचं पाकीट. आवाज घोगरा, आणि ऐकायला कमी येत होतं.

"आनली काय?" मला बघताच त्यांनी विचारलं.

"आणल्या ना भाऊ." मी तिन्ही कॅसेट त्यांच्या हातात दिल्या.

त्यांनी चष्मा लावून एकेक डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट केली. "पयली कुठी हाय?"

"पहिली तुमच्याकडे आहे ना? मी तीच ऐकायला आले."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्याची गरज नव्हती. त्यांची सून शेवंता दारातून म्हणाली, "बाई, काल फोन आला तवापासून मामाजी जेवले नाईत. सासूबाईचा आवाज येऊन राह्यला म्हनत होते."

जमीन दुभंगावी असं वाटणं काय असतं, ते मला त्या अंगणात कळलं.

शेवटी भाऊच बोलले. "कॅसेट माह्याकडं एकच होती. दर साली तिच्यावरच नवं भरो. जुनं गानं मंडईले कोन आयकते? जुनं म्हटलं त लोक उठून जात." मग म्हणाले, "अन् गावात लोक बोलले. डोमाजीनं बायको गानारीन केली म्हने. मले बी वाटलं, तिचं गानं मिटलं त बरं. मीच मिटवलं. गिरजा तवा काईच नाई बोलली. थे मेली, मंग मले उमजलं."

गाण्याचे शब्द त्यांना आठवत होते. त्यांनी ते सांगितले, चाल न लावता, हिशेब सांगावा तसे:

बोडीच्या पारीवर शिदोरी ठेवली,
येनार म्हने तो, सांज होऊन गेली.

"चाल?" मी विचारलं.

"चाल तिच्या गळ्यात होती. मी बांधली थे दुसरीच. तिनं म्हनताना फिरवली."

मग त्यांनी माझी एक कॅसेट टेपमध्ये घातली आणि कान स्पीकरला लावला. शेवटचं गाणं संपलं तसा मी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या. त्या साली गानी कमी होती. मागचं थोडंसं उरलं असन." विकायच्या कॅसेट भाऊंच्या त्या एकाच कॅसेटवरून भरायचे, आणि नवं गाणं संपतं तिथून कॅसेट संपेपर्यंत जुन्याचं शेपूट राहून जातं, कधी कधी. आम्ही तिघं ती खरखर ऐकत बसलो. बटण खट्‌कन वर आलं. त्यांनी कॅसेट उलटली. मग दुसरी. मग तिसरी. प्रत्येक वेळी बटण वर येईपर्यंत ते श्वासही बेतानेच घेत होते. गिरजाबाई कुठेच नव्हत्या.

शेवंताने भात आणि बोडीतल्या मासोळीचा रस्सा वाढला. मी मिटक्या मारत खाल्लं असं लिहायला मला आवडलं असतं. निघताना भाऊ म्हणाले, "कोनाकडं असन तं पाहजा, बाई." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

परत येऊन मी मूलचे नातेवाईक, जुने पानठेलेवाले, मांडववाले, सगळ्यांना विचारलं. निळं कव्हर पहिल्या कॅसेटचंच; तशा दोन कॅसेट आल्या. दोन्हींवर दुसरीच गाणी भरलेली. शेपटापर्यंत ऐकल्या. नव्यापायी जुनं पुसून टाकायची आमच्या माणसांची ही सवय मला लहानपणी उत्साहाची वाटायची. आता तिचा राग येतो, आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

तुमच्या घरी तशी कॅसेट असेल तर मला पाठवू नका, सरळ त्यांच्याकडे न्या, असं इथे लिहायचं मी ठरवलं होतं. लिहिण्याआधी शेवंताला फोन केला. ती म्हणाली, "मामाजीले आता काईच आयकू येत नाई, बाई. टेप कानाले लावला तरी नाई."

मी पेन खाली ठेवलं.

"पन भेटली त आनजा. थे रोज इचारतेत."