काठोकाठ कळशी आणि गल्लीतला स्पीडब्रेकर

लालबागच्या आमच्या गल्लीत दोन चाळी समोरासमोर. एकीत तळमजल्यावर मी, दुसरीत दुसऱ्या मजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई. मधे रस्ता म्हणजे तरी केवढा, इकडे फोडणी दिली की तिकडे शिंक. दोघींचे नवरे गिरणीत होते, दोघेही गेले. संध्याकाळचा चहा तेवढा आमचा एकत्रच राहिला, तोही माझ्याकडे. माझे गुडघे जिना चढत नाहीत आणि जाऊबाईंच्या मते त्यांच्या सुनेला चहा उकळायचा धीर नाही.

पूर्वी गल्लीत गाडी शिरली की बायका गॅलरीत यायच्या, कोणाकडे पाहुणे आले बघायला. आता मोबाइल सगळ्यांना सांगतो, मोठ्या रस्त्यावर ट्रॅफिक आहे, इथून घुसा. मग टॅक्सीवाले घुसतात, पाठीला पिशवी लावलेले डिलिव्हरीवाले घुसतात. त्यांना तरी काय बोलणार? उशीर झाला की बोलणी त्यांनाच खावी लागतात, आणि माझ्याच घरातले दर दोन दिवसांनी काहीतरी मागवतात. पण एकदा अशाच एका बाइकचा आरसा जाऊबाईंच्या कोपराला लागला आणि त्या पडल्या. हाड शाबूत राहिलं, हिंमत गेली. खाली उतरेचनात.

तेव्हा चाळीची दुरुस्ती चालली होती, सिमेंट उरलं होतं. चाळीतल्या पुरुषांनी एका रविवारी त्याचा स्पीडब्रेकर घातला. घातला म्हणजे काय, ओटाच बांधला म्हणा ना. टॅक्सीचं पोट घासायचं. बाइकवाले शिव्या देत का होईना, हळू व्हायचे. मग जाऊबाई पुन्हा चहाला यायला लागल्या.

आणि आले गणपती. आमच्या मंडळाची मूर्ती कारखान्यातून ट्रॉलीवर येते, याच गल्लीतून. एवढी उंच मूर्ती त्या ओट्यावरून आणायची कशी? कार्यकर्ते माझ्या दारात जमले. मी म्हटलं, "सावकाश आणा की." एवढ्यात चहाला आलेल्या जाऊबाईच म्हणाल्या, "फोडा तो."

"अहो, मग तुम्ही यायचं कसं?"

"माजा काय ता. मी वरसून हाक मारीन. देवाक हिसको बसलेलो चलाचो नाय."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? फोडला. मूर्ती आली ती अगदी तरंगत आली. पुढे मंडप होता तोवर गाड्या बंदच होत्या, जाऊबाई सकाळ-संध्याकाळ माझ्या उंबऱ्याशी. विसर्जन झालं, मंडप सुटला, आणि गाड्या पुन्हा सुरू. मी सवयीने दोन कप मांडायचे. वरून हाक यायची, "चाय झाली काय गो?" मी खालून ओरडायचे, "झाली." पुढचं हॉर्नमध्ये ऐकूच यायचं नाही. असा चहा प्यायचा म्हणजे औषध घेतल्यासारखं.

मंडळाचा अध्यक्ष प्रसाद घेऊन आला. तो हाफ पँटीत असल्यापासून मी त्याला खाऊ घालते आहे, तेव्हा बोलायचा हक्क आहे मला. दुसरा कप बघून म्हणाला, "काकी, कोण यायचंय?"

"कोणी नाही. तुमचा बाप्पा आला आणि माझी जाऊ वर जाऊन बसली."

कप उचलून चहा तोच प्यायला, आणि दाराबाहेर रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उंच नको घालायला, काकी. लांबट करू. पाटासारखा, दोन्हीकडे उतार ठेवून." या वेळी रीतसर परवानगी काढली, डांबराचा पसरट स्पीडब्रेकर झाला, वर पांढरे पट्टे. पण जाऊबाई काही मानेनात. त्यांनी सुनेबरोबर खाली पितळेची कळशी पाठवली, काठोकाठ भरलेली. वरून निरोप, "रिकामी ट्रॉली आणा, तिच्यार ही ठेवा. पाणी सांडला तर फोडायचो."

आणली हो खरंच. कळशी ठेवली आणि पोरं ट्रॉली ढकलायला लागली, अगदी मूर्ती असल्यासारखी, "हळू, हळू" करत. दोन्ही चाळींच्या गॅलऱ्या भरल्या. मागे एक डिलिव्हरीवाला अडकला होता, तोही हॉर्न सोडून बघत राहिला. पुढची चाकं चढली, पाणी थरथरलं. मागची उतरली. बाजूने वाट मिळताच तो डिलिव्हरीवाला एकदम सुटला आणि स्पीडब्रेकरवरून असा उडाला की पुढे थांबून पिशवी उघडून बघितली बिचाऱ्याने.

"सांडला काय?" वरून हाक.

कोणी उत्तर देईना. नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटायचं नाही, म्हटलं, त्यांनीच बघावं. जाऊबाई दोनदा ओरडल्या, मग गॅलरीतून दिसेनाशा झाल्या. बघते तर जिना उतरून आल्या, पदर खोचून तरातरा रस्त्याच्या मध्यावर ट्रॉलीपाशी. आपण कुठे उभ्या आहोत याचं भानही नव्हतं त्यांना. एक टॅक्सी येत होती, ती पट्ट्यांपाशी आपोआप मंदावली. जाऊबाईंनी कळशीच्या पोटावरून बोट फिरवलं. ट्रॉलीची फळी चाचपली. कोरडी.

मी दारातूनच विचारलं, "काय मग? फोडायचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अध्यक्षाला म्हणाल्या, "ती कळशी तिच्या घरात नेऊन ठेव." आणि त्याच्या पाठोपाठ उरलेला अर्धा रस्ता ओलांडून माझ्या उंबऱ्याशी येऊन बसल्या.

"ह्याच पाण्याची चाय टाक गो. आणि आला जरा बरा घाल."