लाव्हाच्या खडकावरचा कौल

चूक माझीच. भूगोल शिकवायची खोड घरीही सुटत नाही. अंधेरीत आमच्या घरामागे गावदेवीची टेकडी आहे. ती टेकडी नव्हेच, कोट्यवधी वर्षांपूर्वी वर आलेला लाव्हा थिजून झालेला अखंड काळा खडक आहे, आणि त्याचे ते उभे कोनदार खांब म्हणजे थंड होताना पडलेल्या भेगा, हे मी जेवताना बाबांना सांगून बसले. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे आगीतसून इलेली देवी. मगे ती जागृतच असतली."

बाबांच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. पण आमच्या कोकणातल्या गावी पाकळ्या लावून देवाचा कौल घेतल्याशिवाय कुणी घराचा पायासुद्धा खणत नाही, आणि गावी जायला डॉक्टरांची सक्त मनाई. "देवीक इचारल्याशिवाय मी टेबलार चडूचंय नाय," हे त्यांचं पालुपद. टेकडीवर मी जाऊन विचारते म्हटलं, तर म्हणाले, "जीव माझो, इचारतलंय मी."

मंगळवारी सकाळी आम्ही खडकात कोरलेल्या पायऱ्या चढायला लागलो. दर दहा पायऱ्यांवर ते थांबत, छातीवर हात ठेवत, पुन्हा निघत. मी एक पायरी मागे. पडलेच तर आपल्याला पेलणार आहेत का, एवढंच डोक्यात. रागही तितकाच आलेला.

वर देवळातले पुजारी शांतपणे म्हणाले, "काका, इथे कौल लावत नाही. ओटी भरा, नमस्कार करा."

आमच्या लोकांना वाटतं, गावदेवी म्हटली की कौल देणारच. मला रडू फुटायचं बाकी होतं. बाबा मात्र उठले, तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवळाबाहेरच्या उघड्या, उभ्या खडकावर शेजारी शेजारी चिकटवल्या. "देवी ह्याच्यातसूनच इली मा?" उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि नकार आला असता तर त्यांना कुणीच हलवू शकलं नसतं.

ते हात जोडून समोर बसले. ऊन माझ्या पाठीवर होतं आणि माझी सावली नेमकी उजव्या पाकळीवर. डावी उन्हात सुकत चालली, तिची कड सुटायला लागली. मी हळूच पाऊलभर डावीकडे सरकले, सावली डावीवर गेली. देवीची माफी मागायचंही सुचलं नाही. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी सुटून खाली पडली. बाबांनी खडकाला डोकं टेकवलं.

उतरताना निम्म्या वाटेवर ते दम खायला बसले.

"तू सावली काढलंस, ता माका दिसला."

"मग बोलला का नाहीत?"

"माका पण उजवीच होयी होती गो," ते खाली बघत म्हणाले. "ऑपरेशनाची भिती वाटत होती. पण कोणाक सांगतलंय?"