बदलापूरचे बर्फवाले

आमच्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की लोकांना मुळातला मुद्दाच पटत नाही. बदलापूर, वांगणी, उल्हासनगरची माणसं दर जानेवारीत हिमाचलात जाऊन स्कीइंग करतात, असं म्हटलं की समोरचा आधी माझ्या केसांकडे बघतो, मग पोटाकडे. अहो, हसा! अकरा वर्षं सगळे हसतायत. असले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. भलत्या गावात भलता नाद लागला की ते घरपोच येतात.

तर आम्ही तिघं. मी नीलिमा, राहायला बदलापूरला, अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. माझं तोंड जरा जास्त चालतं, आधीच सांगून ठेवते. दुसरा किशोर, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्याचं एसी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आणि तिसरे वांगणीचे भाऊ पाटील, भातशेती आणि सहा म्हशी. एका ट्रेकला ओळख झाली, पुढच्या वर्षी तिघांनी मिळून बर्फ बघितला, आणि वाया गेलो!

* * *

इथे प्रॅक्टिस कुठे करायची? भाऊंनी उपाय काढला. भात झोडून झालं की शेतामागच्या उतारावर पेंढा पसरायचा, त्यावर पाणी मारायचं, पायाला स्की बांधायच्या आणि सुटायचं.

पहिल्याच रविवारी किशोर सुटला तो थेट गोठ्यात. मी त्याच्यामागे, पण मला वाटेत बांध आडवा आला. भाऊंची आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिने तीन-चार रविवार हे सगळं शांतपणे बघितलं आणि मग एकदा भाऊंना विचारलं, "ही पावणी दर आयतवारी पडायलाच येतात का रं?"

* * *

आता जरा वेगळं सांगते. आमचा गुरू रिंचेन. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. मनालीच्या वरच्या अंगाला एका गावात वीस वर्षं स्कीइंग शिकवतोय. एका जानेवारीत आम्ही पोचलो तर त्याचा उतार तपकिरी! गवत दिसतंय, दगड दिसतायत. चार दिवस वाट बघितली. रोज आकाश निळंशार. निळ्या आकाशावर मी आयुष्यात एवढी कधी चिडले नव्हते.

पाचव्या दिवशी सकाळी रिंचेन आम्हाला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे बर्फाची एक पट्टी होती. त्याने आणि त्याच्या बायकोने सावलीतल्या नाल्यातून पाठीवरच्या टोपल्यांनी बर्फ वाहून आणून ती अंथरली होती. साठ पावलांची, मी नंतर मोजली.

"इतनी दूर से आए हो," तो म्हणाला, "ऐसे ही कैसे भेज दूँ?"

आम्ही एकेकदा घसरलो. दुसऱ्यांदा कोणी स्की बांधल्या नाहीत, कारण पट्टी झिजली असती. भाऊ तर बूट काढून तिच्या कडेने चालत खाली आले. मला रडू आवरेना. निघताना रिंचेन म्हणाला, "एक साल और देखूँगा. फिर स्कूल बंद."

* * *

घरी आलो ते पेटूनच. काहीतरी केलं पाहिजे! मग मे महिन्यातल्या एका शनिवारी अंबरनाथ स्टेशनच्या पश्चिमेला आम्ही तिघं उभे राहिलो. अंगात स्कीचं जाड जॅकेट, हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल. हातात बोर्ड : "बर्फ वितळतोय. आपण काय करतोय?" लोक थांबायचे, फोटो काढायचे. एका काकांनी बोर्ड दोनदा वाचला आणि विचारलं, "छान आहे, शोरूम कुठे आहे?"

दुपारपर्यंत अशी सात जणांनी एसीची चौकशी केली. किशोरने खिशातून कार्डं काढून दिली. काय करणार, हाताला सवय! तेवढ्यात भाऊंना गरगरायला लागलं. त्यांना उचलून समोरच्या बँकेत नेलं आणि बरं वाटेपर्यंत एसीखाली बसवलं.

* * *

त्याच आठवड्यात माझा एसी बिघडला. किशोर स्वतः आला. त्याने नळी सैल केली आणि फुस्स असा आवाज आला.

"हे काय सोडलंस?"

"जुना गॅस."

"गेला कुठे?"

त्याने खिडकीकडे हात केला. "बाहेर. सगळे असंच करतात, मॅडम."

माझं डोकंच फिरलं. सव्वीस वर्षं केमिस्ट्रीवर पोट भरतेय, हा गॅस मला माहीत आहे. उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट पुढे. मी त्याला झाड झाड झाडलं. रिंचेनचं नाव घेतलं, त्या टोपल्यांचं नाव घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "गेल्या वर्षी पण मीच आलो होतो. तुम्ही इथेच उभ्या होत्या. मला चहा दिलात."

त्याने काम पुरं केलं आणि गेला. आठ दिवस ग्रुपवर त्याचा एक मेसेज नाही.

* * *

नवव्या दिवशी त्याने एका मशीनचा फोटो टाकला. हे मशीन एसीतला जुना गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरतं. तो सिलिंडर शुद्धीकरणाला पाठवायचा. चांगलं आहे ना? पण एका एसीला चाळीस मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात गिऱ्हाईक विचार करायला लागतं.

"आमचा गॅस भरून कुठे चाललास?" उल्हासनगरच्या एका बाईंनी त्याला दारातच अडवलं. "दुसऱ्याच्या एसीत घालणार ना?"

झालं! आख्ख्या कॅम्पात बोभाटा. जो हवेत सोडतो तो प्रामाणिक, आणि जो जपून नेतो तो चोर! किशोरच्या वडिलांच्या वेळची गिऱ्हाइकं तुटायला लागली. भाऊ म्हणाले, "बंद कर ते मशीन, दुकान घालवशील." किशोरने मशीन बंद केलं नाही. मला मात्र एकदा म्हणाला, "तीस साल में किसीने चोर नहीं बोला था, मॅडम." हे ऐकून मला जेवण गेलं नाही.

* * *

पुढच्या हिवाळ्यातही रिंचेनचा उतार तसाच राहिला. त्याने स्कूल बंद केलं. किशोरने त्याला फोन केला, "इधर आ जा, काम सिखाता हूँ." आणि मार्चमध्ये आमचा बर्फाचा गुरू उल्हासनगरला एसी दुरुस्ती शिकायला आला. मी ही गोष्ट हसत हसत सांगायचा प्रयत्न करते, पण जमत नाही.

पहिल्या दिवशी तो दुकानाबाहेरच्या एसीच्या युनिटसमोर उभा राहिला. तोंडावर गरम हवेचा झोत.

"भाई, आप लोग ठंडा बनाते नहीं हो," तो किशोरला म्हणाला. "गरमी पड़ोसी को देते हो."

किशोर म्हणतो, तीस वर्षांत धंदा एवढ्या कमी शब्दांत कोणी समजावला नव्हता!

* * *

आणि आता आमच्या सोसायटीच्या गच्चीवरचा किस्सा. मागच्या मे महिन्यात हॉलचे तीन जुने एसी काढायचे होते, त्यांची बाहेरची युनिट्स गच्चीवर होती. किशोरचं नाव मीच सुचवलं. हे काम नीट झालं की सोसायटीतल्या चाळीस घरांची सर्व्हिसिंग त्याला मिळणार होती, आणि त्याच्यावर दुकान तरणार होतं. सकाळी अकराचं ऊन. किशोर आणि रिंचेन मशीन लावून बसले होते. रिंचेन कोण, कुठला, त्याचं काय झालं, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. मीच सांगत फिरले होते.

सेक्रेटरी देशमुख चार सभासदांना घेऊन वर आले.

"किशोरशेठ, तुम्ही गॅस भरून नेता असं कळलं. गॅस सोसायटीचा आहे. मशीन काढा, पाईप कापा, आमच्या डोळ्यांदेखत हवेत सोडा. मग चाळीस घरांचं बोलू."

"साहेब, हा मी विकत नाही. पावती दाखवतो."

"पावत्या कोणीही छापतं."

मी तिथेच उभी होते. कंपनीत जीएमला सुनावणारी मी, एक शब्द बोलले नाही. रोज लिफ्टमध्ये भेटणारी माणसं ती, वाईट कशाला व्हायचं? आज सांगतानाही लाज वाटते.

किशोरने कटर उचलला. पाईपला लावला. पाच सेकंदांचं काम होतं. आम्ही सगळे त्याच्या हाताकडे बघत होतो. मग त्याने कटर पिशवीत टाकला.

"नाही जमणार, साहेब. हे मशीनवरचं तेवढं पुरं करू द्या, सिलिंडर तुमच्या ऑफिसात ठेवून जातो. पुढचं काम दुसऱ्याला द्या."

आणि तो हत्यारं गोळा करायला लागला. रिंचेन मात्र मशीनजवळ उकिडवा बसून गॅसच्या दाबाच्या काट्याकडे बघत राहिला. देशमुखांचा पारा चढला.

"अरे, मालक 'नाही' बोल रहा है, तू भी बैठा है! चाळीस घरांचं काम जातंय! पाईप काट दे ना! तेरा क्या जाता है इसमें?"

रिंचेनने मान वर केली.

"मेरा तो गया, साहब," तो म्हणाला.

आणि पुन्हा काट्याकडे बघायला लागला.

मशीनचा आवाज तेवढा चालू होता. देशमुखांनी एकदा मशीनकडे बघितलं, मग ते किशोरकडे वळले.

"एकाला किती वेळ लागतो?"

"चाळीस मिनिटं."

"आणि तीन आहेत," देशमुख म्हणाले, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसले.